प्रक्षिप्त किलोमीटर

प्राचीन मराठी वाङ्मयाच्या अभ्यासक्रमात पाठचिकित्सेचे एक प्रकरण असते. पोथ्यांच्या शाखा, लेखकूंचे प्रमाद, समासात लिहिलेली टीप पुढच्या नकलेत मूळ संहितेत शिरते ती कशी, आणि मागाहून घुसवलेला मजकूर, म्हणजे प्रक्षेप, ओळखायचा तो कसा, असा त्याचा साधारण आवाका. विद्यार्थ्यांना ते रुक्ष वाटते, आणि शिकवणाऱ्याला ते रंगवून सांगता येतेच असे नाही. आम्ही दोघेही गेली वीस-बावीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्यापैकी एकाच्या वाट्याला हे प्रकरण दरवर्षी येते, दुसरीच्या वाट्याला आधुनिक कादंबरी. संपादकाने पदरची भर का घालू नये, हे आम्ही वर्गात कितीदा तरी सांगितले असेल. मात्र ते आम्हांला स्वतःला पटवून घ्यावे लागले एका जुन्या फियाट गाडीच्या किलोमीटर मोजणाऱ्या आकड्यांपाशी. तीच हकिकत येथे सांगायची आहे. तीत यंत्राचा तपशील बराच येईल. तो गाळला तर पुढचे कळणार नाही, म्हणून वाचकांनी तेवढा सोसावा.

गाडी आप्पांची. आप्पा म्हणजे आमच्यापैकी एकीचे वडील. दुसऱ्यानेही लग्नानंतर त्यांना आप्पाच म्हटले. पाटबंधारे खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली, आणि निवृत्तीनंतर ते वाईला घर बांधून राहिले. १९८७ सालची, फिक्या पिवळसर रंगाची ही प्रीमियर पद्मिनी त्यांनी नवी घेतलेली. इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्यावर कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या या गाडीचे नाव पुढे पद्मिनी झाले, तरी लोकांनी तिला फियाट म्हणायचे सोडले नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून ती महाराष्ट्राला अधिक ठाऊक. त्यांतली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला घातलेली वीस वर्षांची मर्यादा संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी उरली नाही. त्याच वर्षीच्या अखेरीस आम्ही आप्पांची गाडी वाईहून पुण्याला आणली. आप्पा त्याआधीच्या वर्षी गेले होते, आणि गाडी सहा वर्षे पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती.

ती चालू कशी झाली, ते पुराण वेगळे. बॅटरी, पेट्रोलची टाकी, ब्रेक हे सगळे होऊन गाडी रस्त्यावर आली तेव्हा लक्षात आले की वेगाचा काटा शून्यावरून हलत नाही, आणि त्याखालचे पाच आकडेही जागचे हलत नाहीत. आकडे होते ६७४१२. गॅरेजमधल्या फिटरने एका वाक्यात निदान केले: "मीटरची केबल गेली." दुसऱ्या दिवशी नवी केबल बसली. जुनी तुटलेली निघाली होती, म्हणजे निदान चुकले नव्हते. केबल कोरडी पडून तुटते म्हणून त्याने नव्या केबलला वरपासून खालपर्यंत मुबलक ग्रीस लावून दिले, तेही चांगल्या हेतूनेच. घरी येताना कर्वे रस्त्यावर शेवटचा आकडा २ वरून ३ वर सरकला. आम्ही दोघांनीही तो सरकताना पाहिला, आणि आमच्यापैकी एकीने तोंड खिडकीकडे वळवले.

मात्र काही दिवसांतच काट्याचे काहीतरी बिनसले. सिग्नलवरून निघून दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रांगत असताना काटा चाळीसवर पोचायचा. साताऱ्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा काटा ऐंशी दाखवत होता आणि मालवाहू ट्रक आम्हांला सहज मागे टाकून जात होते. मग आम्ही एक साधी परीक्षा घेतली. एकाने चालवायचे आणि दुसरीने घड्याळ धरून रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड पाहायचे. काटा ऐंशीवर स्थिर धरला असता एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत शहात्तर सेकंद लागले, म्हणजे वेग ताशी सत्तेचाळीस किलोमीटर. काटा जवळजवळ पावणेदोनपट सांगत होता. दहा दगडांमागे खालच्या आकड्यांत मात्र बरोबर दहाचीच भर पडली होती. एकाच केबलवर चालणाऱ्या दोन गोष्टींपैकी एक फुगवून सांगते आणि दुसरी खरे बोलते, हे कसे, ते आम्हांला उलगडेना. पुढे जानेवारीतल्या एका थंड सकाळी डॅशबोर्डमागे करकर असा आवाज झाला, काटा एकदा उसळला आणि शून्यावर पडला. आकडे ६७५३८ वर थांबले. नव्या केबलने सव्वाशे किलोमीटर काढले होते.

या वेळी आम्ही नाना पेठेत गेलो. गाड्यांच्या सुट्या भागांच्या त्या बाजारात, एका जिन्याखाली, केवळ मीटर दुरुस्त करणारे एक वृद्ध गृहस्थ बसतात. त्यांची जागा इतकी लहान की गिऱ्हाइकाने बाहेर उभे राहूनच बोलावे. त्यांनी गाडी पाहण्याआधी विचारले, "काटा आणि आकडे एकदमच बंद पडले, की आधी एक आणि मग दुसरं?"

त्या प्रश्नात त्यांचे निम्मे शास्त्र होते, हे त्यांनी पुढे सांगितले तेव्हा कळले. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला, जिथून मागच्या चाकांकडे गती जाते, त्या दांड्यावर एक मळसूत्री दाते असलेला भाग असतो. त्याला एक लहान दातेरी चाक भिडलेले असते. गाडी चालली की ते चाक फिरते आणि त्यात टोक अडकवलेली केबलची आतली तार फिरते. ही तार म्हणजे पोलादी तारांचे एकावर एक उलटसुलट दिशांनी गुंडाळलेले थर. म्हणूनच ती वाकूनही फिरू शकते. तिची टोके चौकोनी असतात. वरचे टोक मीटरच्या आसात बसते, आणि तिथून पुढे एका गतीचे दोन अर्थ होतात. आसावर मळसूत्री दाते असतात. ते आकड्यांची चाके फिरवतात, दात्याला दाता लावून. पहिल्या चाकाचा एक फेरा पुरा झाला की शेजारचे चाक एक घर सरकते, आणि याप्रमाणे पुढे. काट्याला मात्र असे काही जोडलेलेच नसते. आसाच्या टोकावर एक लोहचुंबक गरगर फिरतो, आणि त्याच्याभोवती, त्याला स्पर्श न करता, ॲल्युमिनियमची एक वाटी असते. फिरत्या चुंबकामुळे वाटीच्या धातूत भोवऱ्यासारखे विद्युत्प्रवाह निर्माण होतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. एक नाजूक केसासारखी स्प्रिंग तिला मागे खेचते. या दोहोंचा तोल जिथे साधेल तिथे, वाटीवर बसवलेला काटा उभा राहतो. ओटो शुल्झे या जर्मन संशोधकाने १९०२ साली या रचनेचे पेटंट घेतले, आणि पुढच्या शतकातल्या बहुतेक गाड्यांनी ती स्वीकारली.

म्हणून निदानाची रीत अशी. आकडे चालतात पण काटा मेला, तर केबल ठीक आहे. दोष वाटीत, स्प्रिंगमध्ये किंवा काट्याच्या टोकण्यात. काटा चालतो पण आकडे थांबले, तर दोष आकड्यांच्या दात्यांत. दोन्ही थांबले, तर दोष दोहोंच्या आधी कुठेतरी, म्हणजे केबलमध्ये किंवा गिअरबॉक्सवरच्या लहान चाकात. क्वचित मीटरचा आसच जाम झालेला असतो. तेही ओळखायचे तर पुढच्या चाकांना दगड लावून, मागचे एक चाक जॅक आणि स्टँडवर उचलून, गिअर न्यूट्रलला ठेवायचा, मीटरमागची केबल सोडवायची आणि कोणाला तरी ते चाक हाताने फिरवायला सांगायचे. तारेचे वरचे टोक फिरले, तर खालचे सगळे शाबूत. न फिरले, तर तार वर ओढून काढायची. अर्धीच हाती आली, तर तुटलेली. पूर्ण आली आणि धडधाकट असली, तर खाली गिअरबॉक्सकडे बघायचे. आम्ही आमच्या इमारतीखाली हे सगळे केले. तार अर्धीच हाती आली.

"तार तुटली हे मलाही दिसतं, सर," ते गृहस्थ दोन्ही तुकडे बोटांनी चाचपत म्हणाले. "सव्वाशे किलोमीटरात नवी तार का तुटली, ते सांगा. पहिली तुटायच्या आधी काटा थरथरत होता का? आवाज येत होता?"

हे आम्हांला कुठून ठाऊक असणार? पहिली तार तुटली तेव्हा आम्ही त्या गाडीत नव्हतो. पण आप्पा गाडीची वही ठेवीत, एवढे आठवत होते. वाईच्या घरी त्यांच्या कपाटात ती सापडली: जाड पुठ्ठ्याची, लांबट, हाताने रेघा आखलेली. तारीख, किलोमीटर, पेट्रोल लिटरमध्ये, शेरा. १९८७ पासून एकही भरणा सुटलेला नाही. शेवटच्या रकान्यातले अक्षर बारीक: १२ मे २०१४, 'काटा थरथरतो.' २५ मे, 'मीटरमध्ये आवाज.' ९ जून, 'काटा व मोजणी बंद.' किलोमीटरच्या रकान्यात ६७४१२.

त्यापुढची पाने आम्ही तिथेच, कपाटासमोर जमिनीवर बसून वाचली. १४ जून २०१४: ६७४१२, १२ लिटर, सातारा. २१ जून: ६७४१२, १२ लिटर, सातारा. मग पुन्हा तेच, आणि पुन्हा. पान उलटले तरी किलोमीटरचा रकाना बदलत नव्हता. त्यांनी 'वरीलप्रमाणे' लिहिले नव्हते की दोन टिंबे दिली नव्हती. दर वेळी पाचही आकडे पुरे लिहिले होते. अशा दीडशेहून अधिक नोंदी. शेवटची २०१७ च्या जूनमधली.

ते सातारा म्हणजे काय, हे आम्हांला ठाऊक होते. आईचे डायलिसिस २०१४ च्या जूनमध्ये सुरू झाले, आठवड्यातून दोनदा, साताऱ्याच्या रुग्णालयात. २०१७ च्या जूनमध्ये ती गेली. त्या तीन वर्षांत आम्ही महिन्या-दोन महिन्यांनी वाईला जात असू. जाताना फळे नेत असू. आणि फोनवर आप्पा "चाललंय व्यवस्थित" म्हणत, ते आम्ही तसेच ऐकत असू. त्या गाडीत आम्ही पुढच्या आसनावर बसलोही असू. काटा शून्यावर आहे, हे आमच्या लक्षात आले नाही. वहीत आणखी एक शेरा होता, ३ ऑगस्ट २०१४ चा: 'नवी केबल आणली. बसविणे.' डिकीत, स्टेपनीच्या खाली, तेलकट खाकी कागदात गुंडाळलेली ती केबल तशीच होती. ती बसवायला अर्धा दिवस पुरला असता.

वही आणि केबल घेऊन आम्ही पुन्हा नाना पेठेत गेलो. त्या गृहस्थांनी तीन शेरे वाचले, मीटर उघडले आणि सगळी गोष्ट जुळवून सांगितली. २०१४ च्या आधीच मीटरच्या आसातले तेल सुकून चिकट झाले होते. आस जड फिरू लागला की तारेला पीळ बसतो, मग ती एकदम सुटते, पुन्हा पीळ, पुन्हा सुटणे. काट्याचे थरथरणे ते हेच. अखेर कोरडी तार तुटली. आम्ही केबल बदलली, पण आस तसाच जड राहिला. शिवाय बसवलेली केबल मापाने थोडी लांब होती. डॅशबोर्डमागे तिला आखूड वळण पडले होते, आणि आखूड वळणात तार नळीला घासते. त्यात वरच्या टोकापर्यंत ग्रीस. फिरती तार मळसूत्रासारखी ग्रीस वर चढवते. ते आसातून मीटरमध्ये शिरले आणि चुंबक आणि वाटी यांमधल्या फटीत बसले. जिथे स्पर्श असताच कामा नये, तिथे ग्रीसने स्पर्श घडवला. मग वाटी चुंबकाच्या ओढीने न फिरता ग्रीसच्या चिकटपणाने फरफटत गेली, आणि काटा सत्तेचाळीसचे ऐंशी सांगू लागला. आकडे दात्यांवर चालतात. चिकटपणाने त्यांच्यात काही फरक पडत नाही, म्हणून ते खरे राहिले. थंडीत ग्रीस आणखी घट्ट झाले, जड आस आणखी अडला, आणि तार गेली.

त्यांचे काम आम्ही बाहेर उभे राहून पाहिले. त्यांनी आस आणि त्याची बैठक पेट्रोलच्या बोळ्याने धुतली. वाटीला मात्र बोटही लावले नाही, मऊ कुंचल्याने आतले ग्रीस कडेकडेने काढले. स्प्रिंगपाशी त्यांचा श्वास थांबल्यासारखा वाटे. आसाच्या बैठकीतल्या नमद्याला शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब दिले. तिसरा द्यायला हात गेला आणि परत आला. आप्पांच्या केबलमधले ग्रीस दहा वर्षांत मेणासारखे झाले होते. तार बाहेर ओढून धुतली, चौकोनी टोके पाहिली, जमिनीवर गोल धरून फिरवली. कुठे उडी घेत नव्हती, म्हणजे वाकलेली नव्हती. ग्रीसचा पातळ हात दिला, पण वरची वीतभर तार कोरडी ठेवली. मग तारेचा एक तुकडा हाताने फिरवायच्या ड्रिलला लावून त्यांनी मीटर फिरवले. काटा सावकाश उठला, स्थिर उभा राहिला, आणि ड्रिल थांबताच शून्यावर आला.

मीटर बंद करण्यापूर्वी आमच्यापैकी एकीने विचारले, "आकडे पुढे नेता येतील का?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "लोक आकडे कमी करून मागतात, मॅडम. वाढवून मागणारे तुम्हीच पहिले."

हिशोब तिने आदल्या रात्री केला होता. वहीतल्या त्या तीन वर्षांच्या पेट्रोलची बेरीज १८६४ लिटर. लिटरला बारा किलोमीटर धरले, तर २२३६८. तेवढे मिळवले की आप्पांनी चालवलेले आप्पांच्या नावावर पडेल. सत्तर ओलांडलेल्या माणसाने तीन वर्षे आठवड्यातून दोनदा बायकोला घेऊन जायचे, चार-पाच तास बाकावर बसायचे, तिला घेऊन परत यायचे. आणि गाडीने म्हणावे की इतक्या वर्षांत आपण कुठे गेलोच नाही, हे तिला अन्यायाचे वाटत होते. ते गृहस्थ म्हणाले, ड्रिलवर ऐंशीच्या वेगाने फिरवले तर दोनशे ऐंशी तास लागतील. चाके उघडून आकडे लावायला पाच मिनिटे. आज ठरवा.

आम्ही त्या जिन्याखाली, गिऱ्हाइकांच्या वर्दळीत, त्यावर वाद घातला. पाठचिकित्सा शिकवणाऱ्याकडे उत्तर तयार होते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठ शोधले, निवडले, पण स्वतःची ओवी घातली नाही, आणि पुढे कोणी तशी घालू नये, असे बजावून ठेवले. ओवी रचण्याचे सामर्थ्य एकनाथांत नव्हते, असे कोण म्हणेल? भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत जिथे पाठ निश्चित नाही, तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ असते. संपादकांना संस्कृत येत होते. तरी त्यांनी शंका झाकली नाही, छापली. त्यातून लिटरला बारा हा आकडा आला कुठून? दहा धरले तर १८६४० होतात, चौदा धरले तर २६०९६. म्हणजे साडेसात हजार किलोमीटरांचा प्रश्न आपण एका अंदाजाने मिटवणार, आणि पुढे पाहणाऱ्याला ते पाच आकडे इतर आकड्यांइतकेच खरे दिसणार. प्रक्षेपाचा दोष हाच, की तो मूळ संहितेच्या अक्षरात लिहिलेला असतो.

आमच्यापैकी एकीला हे सगळे मान्य होते आणि त्याने तिचे समाधान होत नव्हते. "ही पोथी नाही," ती म्हणाली, "ही आप्पांची गाडी आहे." तिचेही खोटे नव्हते. संहितेची शुद्धता राखणे हा युक्तिवाद, माणूस आपला असला की, थोडा थंड वाटतो.

शेवटी आम्ही पुन्हा वहीच उघडली, आणि एक गोष्ट दिसली जी आधी दिसली नव्हती. १९९६ सालच्या एका पानावर आप्पांनी किलोमीटरचा आकडा चुकीचा लिहिला होता. त्यांनी तो खोडला नव्हता. त्यावर एकच सरळ रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी बरोबर आकडा. आणि त्यापुढे बारीक सही. आपल्या खासगी वहीत, जी दुसरे कोणी पाहणार नव्हते. पाटबंधारे खात्यात कामाची मोजमापे ज्या पुस्तिकेत लिहितात, तिला सगळे एम. बी. म्हणतात. तिच्यात खाडाखोड चालत नाही. चूक झाली तर अशीच रेघ आणि अशीच सही. केलेल्या खोदाईचे, भरावाचे, दगडी बांधकामाचे जे प्रत्यक्ष मोजले तेच तिच्यात जाते आणि त्यावरच पैसे मिळतात. आप्पांची सगळी नोकरी या पुस्तिकेवर झाली.

म्हणजे लिटरला किती किलोमीटर पडतात, हे आमच्यापेक्षा त्यांना अधिक नेमके ठाऊक होते. १९८७ पासूनचा हिशोब त्यांच्यापुढे होता. वाई ते सातारा किती, हे त्यांना दगडांसकट पाठ होते. ते दर शनिवारी अंदाजाने आकडा पुढे नेऊ शकले असते, आणि तो आमच्या आकड्याहून कितीतरी बरोबर आला असता. त्यांनी दीडशेहून अधिक वेळा ६७४१२ लिहिले. मोजले गेले नाही, ते लिहायचे नाही. आम्ही ज्याला त्यांच्या नावावरची तूट समजत होतो, ती तूट त्यांनी स्वतः, पुऱ्या आकड्यांत, नोंदवून ठेवली होती.

हे एकदा दिसल्यावर आमची ती मागणीही आम्हांला वेगळी दिसू लागली. आकडा भरून काढायची निकड आप्पांना नव्हती, आम्हांला होती. ते किलोमीटर मोजले गेले नाहीत, कारण केबल बसवायला अर्धा दिवस देणारे कोणी नव्हते. आणि अर्धा दिवस देता येईल अशी दोन माणसे पुण्यात मराठी शिकवत होती. नव्वद हजारांच्या जवळचा एखादा भरगच्च आकडा दिसला असता, तर ते पुन्हा कधी आठवावे लागले नसते. संपादकाला पोथीतली रिकामी जागा खुपते. त्याला वाटते ते पोथीसाठी, आणि पुष्कळदा ते असते स्वतःसाठी. वर्गात हे वाक्य आम्ही कधी उच्चारले नव्हते.

"राहू द्या," तीच म्हणाली. मीटर ६७५३८ वर बंद झाले.

आप्पांची केबल मापाची होती. डॅशबोर्डमागे तिला ऐसपैस वळण मिळाले. खालचे टोक लहान चाकात बसले आहे ना, ते वरून फिरवून पाहिले, आणि दोन्ही बाजूंची चाकी हातानेच आवळली. तिथे पाना लावायचा नसतो, असे बजावण्यात आले होते. मग पुन्हा दगड आणि घड्याळ. काटा साठवर, दोन दगडांमध्ये बासष्ट सेकंद, म्हणजे खरा वेग अठ्ठावन्न. गाडीच्या वयाच्या मानाने एवढी सूट चालेल.

त्या रविवारी आम्ही वाईला गेलो. आप्पांच्या फाटकापासून साताऱ्याच्या त्या रुग्णालयाच्या फाटकापर्यंत गेलो, आवारात गाडी उभी केली, थोडा वेळ बसलो आणि आलो तसे परतलो. येताना पेट्रोल भरले. वहीतली शेवटची नोंद २०१७ ची. तिच्याखाली आम्ही एक ओळ आडवी लिहिली: '९ जून २०१४ ते जून २०१७, मोजणी बंद. अंतर अज्ञात.' त्याखाली नागमोडी रेघ एकाने ओढली, आणि शेजारी दोघांनी सह्या केल्या. मग नव्या ओळीवर तारीख, किलोमीटर, लिटर. शेऱ्याच्या रकान्यात, त्यांच्यापेक्षा मोठ्या आणि वाईट अक्षरात, लिहिले: 'सातारा. जाऊन-येऊन ७१.'